मुंबईत फुल-सस्पेन्शन सायकल घेताना: आधी फ्रेम बघा, गिअर नंतर

ऑल-माउंटन फुल-सस्पेन्शन सायकल (डोंगरातल्या चढ-उतारांसाठीची, पुढे आणि मागे दोन्हीकडे झटके शोषणारी) घ्यायची म्हटली की मुंबईत पहिली अडचण दुकानाच्या दारातच येते. चालवून बघायला जागा मिळते ती गल्लीच्या टोकापर्यंत, तीही रिक्षा चुकवत. तेवढ्यात सीट मऊ आहे की कडक एवढंच कळतं. दगडांच्या उतारावर ती सायकल कशी वागेल, लांब चढावर पाठ किती दुखेल, हे डांबरी रस्त्यावर कळणं शक्य नाही. म्हणून आपल्याला बरीचशी तुलना कागदावर करावी लागते, आणि कागद वाचायला शिकलं तर ती चांगली होते.

माझं एकच म्हणणं आहे. ज्या गोष्टी नंतर बदलता येत नाहीत, त्या आधी तपासा. फ्रेमचे कोन, लांबी, मागची लिंकेज (मागचं चाक फ्रेमला जोडणारे दुवे आणि सांधे) आणि बेअरिंगची मापं सायकल विकेपर्यंत तुमच्यासोबत राहणार. टायर, ब्रेक, हँडलबार, डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) कधीही बदलता येतात. तरी दुकानात चर्चा निम्म्याहून अधिक वेळ डिरेलरवरच होते, कारण त्यावर नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं.

हा लेख हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) थोडीफार चालवून झालेल्यांसाठी आहे. पहिलीच सायकल घेत असाल तर आधी चांगली हार्डटेल घ्या आणि वर्षभराने परत या.

सोबत काय हवं

मोजपट्टी, तुमची उंची आणि इनसीम (जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप, अनवाणी उभं राहून), हेल्मेट-बॅग-पाण्यासकट तुमचं वजन, एक कोरी वही किंवा स्प्रेडशीट, आणि जमलं तर शॉक पंप (शॉक म्हणजे मागचे झटके शोषणारा, हवा भरलेला दांडा). शॉक पंप पुढे लागणारच आहे, त्यामुळे आधी घेतला तर वाया जात नाही. टायरचा साधा पंप शॉकला चालत नाही. शॉकमध्ये हवा थोडी आणि दाब मोठा असतो, साध्या पंपाने तो नीट जुळवता येत नाही.

## १. आधी वाटा लिहून काढा

वहीच्या पहिल्या पानावर तुम्ही खरोखर कुठे जाता ते लिहा. जायचं मनात असलेल्या जागा पान उलटून मागे लिहा.

मुंबईकरांची यादी बहुधा अशी निघते: आरेचे रस्ते, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीपर्यंतचा रस्ता, ठाण्याचं येऊर, गोराई-मनोरी. हे बहुतेक डांबर किंवा कच्चा रस्ता. राष्ट्रीय उद्यानात आणि येऊरला आतल्या पायवाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही आणि बिबट्या हा तिथला कायमचा रहिवासी आहे, तेव्हा ‘आत एक झकास ट्रेल आहे’ हे कुणी सांगितलं तरी तो तुमच्या यादीत धरू नका. तुमचं सगळं चालवणं एवढ्यातच होत असेल तर फुल-सस्पेन्शनचा खर्च करू नका. मी हे गंभीरपणे सांगतोय.

यादीत लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीची वाट आली, कर्जत पट्ट्यातल्या डोंगरवाटा आल्या, पुण्याची वेताळ टेकडी आली, किंवा वर्षातून एकदा हिमाचलची सहल ठरलेली असली, तर मात्र ही सायकल कामाची. राजमाचीसारख्या वाटेवर सुटे धोंडे, मुरूम आणि मधूनच उघडा कातळ असतो. सह्याद्रीचा बसाल्ट कोरडा असताना टायर घट्ट धरून ठेवतो. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरलं की तोच कातळ साबणासारखा होतो. तिथे किती ट्रॅव्हल (चाकाला वर-खाली व्हायला जागा) आहे याने काही फरक पडत नाही, टायर आणि अक्कल लागते.

## २. ट्रॅव्हलचा आकडा एकटा वाचू नका

ट्रॅव्हल म्हणजे चाक किती मिलिमीटर वर-खाली होऊ शकतं. ढोबळ विभागणी अशी: क्रॉस-कंट्री १०० ते १२०, ट्रेल १२० ते १५०, ऑल-माउंटन १४० ते १६०, एन्ड्युरो १५० ते १८०, डाउनहिल २०० च्या आसपास. सीमा एकमेकींत मिसळलेल्या आहेत आणि ‘ऑल-माउंटन’ हा शब्द कंपन्या आता कमी वापरतात. तीच सायकल एक कंपनी ट्रेल म्हणून विकते, दुसरी एन्ड्युरो म्हणून. म्हणून नावावर जाऊ नका.

काही ओळखीच्या सायकली शेजारी ठेवून बघा, आधी मागचा ट्रॅव्हल, मग पुढचा:

- पॉलिगॉन सिस्कियू टी, २९ इंची चाकांची: १३५ आणि १४०
- जायंट ट्रान्स एक्स २९: १३५ आणि १५०
- ट्रेक फ्यूएल ईएक्स, सहावी पिढी: १४० आणि १५०
- सांता क्रूझ हायटॉवर, तिसरी आवृत्ती: १४५ आणि १५०
- आयबिस रिपमो, दुसरी आवृत्ती: १४७ आणि १६०
- स्पेशलाइज्ड स्टम्पजम्पर ईव्हो: १५० आणि १६०

पहिल्या आणि शेवटच्या सायकलीत मागचा फरक १५ मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा. खरा फरक फ्रेमच्या कोनांत आणि लिंकेजमध्ये आहे, तो पुढच्या दोन पायऱ्यांत येतो.

इथेच एक सापळा आहे. मॉडेलचं नाव तेच राहतं, आकडे बदलतात. २०२४ च्या शेवटी आलेल्या स्टम्पजम्पर १५ मध्ये मागे १४५ आणि पुढे १५० आहे, ईव्होचे आकडे तिला लागू नाहीत. त्यामुळे वहीत नावाशेजारी पिढी किंवा वर्ष लिहाच. दुकानात दोन-तीन वर्षांचा जुना माल ‘लेटेस्ट’ म्हणून उभा असतो. जुना माल वाईट नसतो, पण त्याची किंमत जुन्या मालाची हवी.

माझं मत विचाराल तर मुंबईत राहून सुट्टीला सह्याद्रीत जाणाऱ्याला मागे १३० ते १४५ पुरतात. १६० च्या वर गेलात की प्रत्येक चढाला तुम्ही जास्तीचं वजन ओढत नेता, आणि आपल्याकडे उतारावर जायला आधी स्वतःच्या पायांनी चढावं लागतं. वर नेऊन सोडणारी लिफ्ट किंवा गाडीची सोय असलेले सायकल-पार्क इथे शेजारी नाहीत.

## ३. भूमितीचे पाच आकडे

प्रत्येक कंपनी संकेतस्थळावर भूमितीचा तक्ता देते. त्यात वीसेक आकडे असतात, तुम्हाला पाच पुरे.

रीच. पेडलच्या मधल्या धुऱ्यापासून हेडट्यूबच्या (फ्रेमची पुढची नळी, जिच्यात फोर्क बसतो) माथ्यापर्यंतचं आडवं अंतर. उभं राहून चालवताना सायकल किती लांब वाटेल ते यावर ठरतं, आणि उतार आपण उभ्यानेच उतरतो. साइज ठरवायला हाच आकडा धरा. ‘मीडियम’ या शब्दाला अर्थ नाही, एका कंपनीचा मीडियम दुसरीचा लार्ज निघतो. पाच फूट सात इंचाच्या माणसाला साधारण ४४० ते ४६५ मिमी रीच बसतो. याहून लांब घेतलीत तर वेगात स्थिर वाटेल, अरुंद वळणावर आडवी वाटेल.

स्टॅक. त्याच दोन बिंदूंमधलं उभं अंतर. रीच आणि स्टॅक जोडीने वाचायचे. स्टॅक कमी असला की आपण स्टेमखाली (हँडल धरणाऱ्या तुकड्याखाली) स्पेसर, म्हणजे कड्या, घालतो, आणि हेडट्यूब मागे झुकलेली असल्याने दर १० मिमी स्पेसरमागे रीच साधारण ४ मिमीने घटतो. कागदावर सारख्या दिसणाऱ्या दोन सायकली हँडल योग्य उंचीला आणल्यावर वेगळ्या होतात त्या अशा.

हेड अँगल. पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारा सस्पेन्शनचा चिमटा) किती तिरका आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी १५० मिमीच्या सायकलींत हा ६७ अंशांच्या आसपास असायचा, आता ६४ ते ६५.५ सर्रास आहे. आकडा जितका कमी तितकी सायकल तीव्र उतारावर निर्धास्त, आणि संथ चढावर पुढचं चाक तितकं भटकणारं. सेकंड-हँडमध्ये जुनी भारी सायकल स्वस्तात मिळते तेव्हा हा आकडा आधी बघा. सस्पेन्शन कितीही महागडं असलं तरी कोन जुनाच राहणार.

सीट अँगल. आपल्याकडच्या लोकांनी दुर्लक्षित केलेला आणि आपल्याला सर्वांत जास्त लागणारा आकडा. घाटाचा चढ असला की मागचा शॉक वजनाने दबतो, सीट मागे जाते आणि पुढचं चाक हलकं होऊन उचलायला लागतं. सीट अँगल ७६ ते ७८ असेल तर तुम्ही पेडलच्या वर बसता आणि चाक जमिनीवर राहतं. ७४ च्या खालचा असेल तर दुसऱ्या तासाला कंबर आठवण करून देते. बारीक गोष्ट अशी की तक्त्यात ‘इफेक्टिव्ह’ कोन असतो, तो एका ठरावीक उंचीला मोजलेला. सीट ट्यूब वाकडी असेल आणि तुमचे पाय लांब असतील तर सीट वर घेतल्यावर खरा कोन त्याहून कमी भरतो. उंच माणसांनी ‘अ‍ॅक्चुअल’ कोनही बघावा.

चेनस्टे. पेडलच्या धुऱ्यापासून मागच्या चाकाच्या धुऱ्यापर्यंतची लांबी, ४३० ते ४४५ मिमीच्या दरम्यान. आखूड असेल तर पुढचं चाक उचलणं सोपं जातं, लांब असेल तर चढावर स्थिर राहतं. काही कंपन्या सगळ्या साइजला एकच चेनस्टे ठेवतात, त्यात एक्स्ट्रा-लार्जवाल्याचं वजन मागच्या चाकावर फार पडतं.

कमी उंचीच्या माणसांसाठी आणखी एक. पाच फूट तीनच्या खाली असाल तर स्टँडओव्हर, म्हणजे वरच्या नळीची उंची, आणि सीट ट्यूबची लांबी तपासा. सीट ट्यूब लांब असली की ड्रॉपर (चालवतानाच सीट वर-खाली करणारा दांडा) आखूडच बसतो. सिस्कियू टीसारख्या मालिकेत लहान मापांना २७.५ इंची चाकं मिळतात, ती कमी दर्जाची समजू नका. तीव्र उतारावर २९ इंची चाक मागून पार्श्वभागाला घासतं, हे ज्यांनी अनुभवलंय ते २७.५ ला हसत नाहीत.

तुलना करताना दोन सायकलींच्या साइजची नावं जुळवू नका, रीच जुळवा. मगच बाकीचे आकडे शेजारी ठेवण्याला अर्थ येतो.

## ४. मागची लिंकेज आणि शॉक

इथे जाहिरातींची भाषा जोरात असते, म्हणून थोडं थांबू.

मागचं चाक कसं वर येतं यावरून प्रकार पडतात. सिंगल पिव्हट सर्वांत साधा: एक मोठा सांधा, कमी बेअरिंग, देखभाल सोपी, पण ब्रेक दाबल्यावर मागचं सस्पेन्शन थोडं आखडतं. हॉर्स्ट लिंकमध्ये एक सांधा मागच्या धुऱ्याच्या पुढे चेनस्टेवर असतो, त्यामुळे ब्रेक लावूनही चाक मोकळं हलतं. स्पेशलाइज्ड बरीच वर्षं हीच वापरत आली. ट्रेकने सांधा थेट धुऱ्यावरच ठेवला आणि त्याला अ‍ॅक्टिव्ह ब्रेकिंग पिव्हट म्हटलं. दोन आखूड दुव्यांवर मागचा त्रिकोण तोलणाऱ्या रचनांत सांता क्रूझची व्हीपीपी, आयबिसची डीडब्ल्यू-लिंक आणि जायंटची मायस्ट्रो येतात. चढावर पेडल मारताना त्या कमी हिंदकळतात अशी त्यांची ख्याती आहे, आणि बव्हंशी ती खरी आहे.

पण कुठली रचना ‘सर्वोत्तम’ हा वाद मिटणारा नाही. त्याऐवजी घरी बसून एक भागाकार करा.

मागचा ट्रॅव्हल भागिले शॉकचा स्ट्रोक. शॉकचं माप तपशिलात २१० बाय ५५ किंवा २३० बाय ६५ असं दिलेलं असतं, दुसरा आकडा स्ट्रोक, म्हणजे शॉक जास्तीत जास्त किती दबतो ते. १५० मिमी ट्रॅव्हल ५५ च्या शॉकवर असेल तर गुणोत्तर २.७३ येतं, ६५ च्या शॉकवर २.३१. गुणोत्तर जितकं मोठं तितका त्याच माणसाला शॉकमध्ये जास्त दाब लागतो आणि शॉकच्या आतल्या सीलवर जास्त ताण येतो. वजन ९० किलोच्या पुढे असेल तर हा भागाकार तुमच्यासाठी डिरेलरच्या नावापेक्षा मोलाचा. शॉकवर कमाल दाब छापलेला असतो. सॅग (नुसतं बसल्यावर शॉक दबतो ते माप) जुळवताना त्या मर्यादेच्या जवळ पोचत असाल तर ती सायकल तुमची नाही. हलक्या माणसाला उलटी अडचण येते: दाब इतका कमी ठेवावा लागतो की रिबाउंड (दबलेला शॉक परतण्याचा वेग ठरवणारी खुंटी) पूर्ण उघडूनही शॉक आळसावल्यासारखा परततो.

दुसरं बघायचं ते प्रोग्रेशन, म्हणजे चाक वर जाईल तसं सस्पेन्शन किती कडक होत जातं. एअर शॉक स्वतःच शेवटाकडे कडक होतो आणि आत प्लास्टिकचे स्पेसर घालून ते वाढवता येतं. कॉइल शॉक, म्हणजे हवेऐवजी लोखंडी स्प्रिंगचा, तसा होत नाही, त्यामुळे फ्रेमच प्रोग्रेसिव्ह असायला लागते. पुढेमागे कॉइल लावायचा विचार असेल तर ही फ्रेम कॉइलला चालते का, हे कंपनीच्या माहितीतून आजच बघा. नवख्याला मी एअरच सुचवीन. वजन कमी, आणि माणूस बदलला तर स्प्रिंग बदलावी लागत नाही.

फोर्कच्या बाबतीत नळ्यांची जाडी बघा. फॉक्स ३४, ३६, ३८ ही नावंच मिलिमीटरची आहेत. रॉकशॉक्सचे पाइक आणि लिरिक दोन्ही ३५ चे, झेब ३८ चा. १५० मिमीच्या सायकलीला ३४ किंवा ३५ पुरतात. वजनदार माणसाने ३६ घ्यावा. ३८ दिसायला रुबाबदार असतो, तो ओढायचं काम मात्र तुमचं.

## ५. सुटे भाग कुठून आणणार?

सायकल परदेशी, बिघाड मात्र रविवारी कर्जतला होणार. त्यामुळे ‘स्टँडर्ड’, म्हणजे भागांची ठरलेली मापं, हा कंटाळवाणा विषय वहीत स्वतंत्र पान मागतो.

डिरेलर हँगर आधी. डिरेलर फ्रेमला अडकवणारा, मुद्दाम कमजोर केलेला हा तुकडा आहे: धोंड्यावर आपटला की तो वाकतो आणि फ्रेम वाचते. प्रत्येक कंपनीचा हँगर वेगळा असायचा. २०१९ मध्ये स्रॅमने यूडीएच नावाचा सामायिक हँगर आणला आणि आता बहुतेक नव्या फ्रेम त्यावर येतात. यूडीएच असेल तर हँगर कुठेही मिळतो. नसेल तर सायकलीसोबतच दोन जास्तीचे मागवा, दुकानदार ‘नंतर येईल’ म्हणाला तरी. नंतर येत नाही.

मग बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या मधल्या धुऱ्याचं बेअरिंग. आटेवालं बीएसए की दाबून बसवलेलं प्रेसफिट? मुंबईच्या पावसात चिखल-पाणी आत जातंच, आणि प्रेसफिट करकरायला लागलं की ते काढायला खास हत्यार आणि ते वापरणारा माणूस लागतो. दोन सायकलींत बाकी सगळं सारखं असेल तर मी डोळे मिटून आट्यांची घेईन.

पिव्हट, म्हणजे मागच्या सांध्यांच्या, बेअरिंगचे आकडे विचारा. ६९०२, ६८०२ अशी नेहमीची मापं असतील तर नागदेवी स्ट्रीटच्या बेअरिंगवाल्यांकडे मिळण्याची आशा असते. पण सायकलीच्या सांध्यांत बरेचदा ‘मॅक्स’ प्रकारचं बेअरिंग असतं: मधली जाळी काढून गोळ्या ठासून भरलेल्या, कारण इथे बेअरिंग पूर्ण फिरत नाही, थोडंसं झुलतं आणि भार मोठा घेतं. माप तेच असलं तरी साधं बेअरिंग तिथे कमी टिकतं. तात्पुरतं चालवायला ठीक, बदलायचा संच मात्र मागवून ठेवा.

मागच्या हबचं माप १४८ बाय १२, म्हणजे बूस्ट, असेल तर चाकं सहज मिळतात. १५७ चं सुपर बूस्ट असेल तर शोधाशोध करावी लागते. कॅसेट (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच) हबच्या कुठल्या बॉडीवर बसते तेही लिहा. शिमानो डिओरची १२ गिअरची १०–५१ कॅसेट मायक्रोस्प्लाइनवर बसते, स्रॅम जीएक्सची १०–५२ एक्सडीवर, आणि एनएक्सची ११–५० जुन्या साध्या बॉडीवर. सहलीत कुणाकडून उधार चाक घ्यायची वेळ येते तेव्हा हे कळतं.

शेवटी एक प्रश्न दुकानदाराला सरळ विचारा: ‘या शॉकची सर्व्हिस तुम्ही इथे करता की बाहेर पाठवता? किती दिवस लागतात?’ रॉकशॉक्स फोर्कच्या खालच्या भागाची सफाई ५० तासांनी सांगते आणि फोर्कची पूर्ण सर्व्हिस २०० तासांनी. फॉक्स १२५ तास किंवा वर्ष, जे आधी होईल ते. गुळमुळीत उत्तर मिळालं तर समजा की सीझनच्या ऐन मध्यावर तुमचा शॉक कुरिअरमध्ये फिरत असेल.

## ६. मुंबईची हवा आणि मुंबईची घरं

वर्सोवा, दादर, कुलाबा, कुठेही समुद्राजवळ राहत असाल तर खारी हवा बोल्टवर पहिल्या पावसाळ्यातच गंज चढवते. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम टिकते, स्टीलचे बोल्ट आणि केबल टिकत नाहीत.

ब्रेकचं तेल हा इथला खास मुद्दा. डॉट तेल हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे ते दरवर्षी बदलणं आलं. मिनरल ऑइल तसं शोषत नाही. शिमानो मिनरल वापरते. स्रॅमचे जुने ब्रेक डॉटवर चालतात, डीबी ८ आणि मेव्हन मिनरलवर. दोन्ही तेलं कधीच अदलाबदल करू नका, सील फुगून ब्रेक निकामी होतो.

ट्यूबलेसचं सीलंट (टायरच्या आतलं, पंक्चर बुजवणारं द्रव) उकाड्यात लवकर सुकतं. एप्रिल-मे मध्ये महिन्या-दीड महिन्याने टायर हलवून आत द्रव वाजतोय का ऐका.

आणि लिफ्ट. हसू नका. २९ इंची ऑल-माउंटनचा व्हीलबेस (दोन चाकांच्या धुऱ्यांमधलं अंतर) १२०० ते १२६० मिमी असतो, चाकांसकट एकूण लांबी दोन मीटरच्या आसपास आणि हँडल ७८० ते ८०० मिमी रुंद. जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ती मागच्या चाकावर उभी करूनच जाते, आणि दार अरुंद असेल तर तशीही जात नाही. आधी लिफ्टचं दार आणि उंची मोजा. खाली पार्किंगमध्ये ठेवायची असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरींशी खरेदीच्या आधी बोला. वॉचमनकाकांच्या भरवशावर एवढी महाग सायकल ठेवू नका, त्यांच्यावरही तो अन्याय आहे.

ट्रेलपर्यंत न्यायची कशी? बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढचं चाक काढून आणि मागची सीट पाडून एक सायकल बसते. लोकलने जायचं तर लगेजच्या डब्यातून, सामानाचं तिकीट काढून, गर्दीची वेळ सोडून. ८०० मिमीचं हँडल घेऊन सकाळी आठला दादरला चढण्याचा विचारही करू नका.

## ७. आता बघा पार्ट

एवढं झाल्यावर उरतात दोन, फार तर तीन सायकली. त्यांच्यात पार्टवरून निवड करा, आणि तीही या क्रमाने: चार पिस्टनचे ब्रेक आणि निदान १८० मिमीचे रोटर, मग ड्रॉपर (मध्यम उंचीला १५० मिमी किंवा जास्त), मग चाकं, शेवटी गिअर. डिओरचे गिअर कुणालाही पुरतात. टायर कसेही असोत, बदलायचे धरून चाला. पुढे मॅक्सिस असेगाय किंवा मिनियन डीएचएफ, मागे डीएचआर टू, ही जोडी आपल्या मुरमावर चांगली चालते. सह्याद्रीतले दगड धारदार आहेत, मागे पातळ केसिंगचा, म्हणजे पातळ भिंतीचा, टायर घेऊ नका.

कार्बन की अ‍ॅल्युमिनियम? त्याच किंमतीत कार्बन फ्रेम आणि कमी दर्जाचा फोर्क-शॉक मिळत असेल, आणि अ‍ॅल्युमिनियम फ्रेमवर चांगला फोर्क-शॉक, तर दुसरी घ्या.

## ८. पैसे, बिल, कागद

ठरवलेल्या रकमेतले निदान १५ टक्के बाजूला ठेवा. महाग सायकलींसोबत पेडल येत नाहीत. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, शॉक पंप, टॉर्क रेंच, सीलंट आणि जास्तीचा हँगर त्यात येतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या मालाच्या डब्यावर जुनी किंमत छापलेली असेल तर हिशेब बिलावर मागा, तोंडी नको.

परदेशातून मागवण्याचा मोह होतो, कारण तिकडच्या सवलती डोळ्यांत भरतात. २०२३ च्या अर्थसंकल्पात सायकलींवरचं सीमाशुल्क ३० वरून ३५ टक्के झालं होतं; आजचा दर तपासून घ्या. त्यावर कर, भाडं आणि विमा धरा. त्यात वॉरंटीसाठी फ्रेम परत पाठवायचा खर्च तुमचा. ऑर्डर देण्याआधी कुरिअर कंपनीकडून ड्युटीचा अंदाज लेखी घ्या.

नवी सायकल घेताना हातात हे हवं:

- फ्रेम नंबर लिहिलेलं जीएसटी बिल (नंबर बहुधा बॉटम ब्रॅकेटखाली असतो, स्वतः ताडून बघा)
- वॉरंटीची नोंदणी तुमच्या नावाने झाल्याचा पुरावा
- फोर्क आणि शॉकचे सीरियल नंबर, फोटोसह
- आयात असेल तर ड्युटी भरल्याची पावती

जुनी घेत असाल तर मूळ बिल आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत. बिल नसेल तर किंमत कितीही गोड असो, उठून या. फ्रेमची वॉरंटी बहुतेक कंपन्या फक्त पहिल्या मालकाला देतात, तेव्हा ती शून्य धरूनच भाव ठरवा. फोर्क-शॉकच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवा, ओरखड्याला अडकलं तर दुरुस्ती महाग. सीट धरून मागचं चाक बाजूला हलवा, खट्ट वाजलं तर बेअरिंग गेलं. वेल्डिंगच्या कडेला रंगावर केसाएवढी रेघ दिसली तर ती रंगाची आहे यावर विश्वास ठेवू नका.

## ९. गल्लीतली चाचणी, पण नीट

आधी शॉक पंप काढा आणि दुकानदाराला सॅग जुळवू द्या. सॅग म्हणजे नुसतं बसल्यावर शॉक किती दबतो ते. मागे २५ ते ३० टक्के, पुढे १५ ते २०. ५५ मिमी स्ट्रोकचा शॉक ३० टक्क्यांना १६.५ मिमी दबायला हवा. रबरी रिंग सरकवा, हळूच बसा, हळूच उतरा, मोजा. सॅग न जुळवता केलेली चाचणी निरर्थक आहे. आधीच्या ९५ किलोच्या गिऱ्हाइकासाठी भरलेला शॉक तुम्हाला दगड वाटणार.

मग गल्लीत फुटपाथची कड शोधा. बसून हळू उतरा, उभ्याने उतरा. सर्वांत हलक्या गिअरवर, शॉकचा लॉक उघडा ठेवून, पार्किंगचा रॅम्प चढा: सायकल पेडलमागे डुचमळते का, पुढचं चाक उचलतं का? तोच रॅम्प ब्रेक धरून उतरा. ड्रॉपर खाली करून उभे राहा आणि आठचा आकडा काढा. गुडघे हँडलला लागत असतील तर रीच कमी आहे. सगळ्या सायकली एकाच दिवशी, एकाच टायर-दाबावर चालवा.

याहून चांगली चाचणी म्हणजे ओळखीतल्या कुणाची तशीच सायकल खऱ्या वाटेवर तासभर चालवणं. रविवारी पहाटे येऊर किंवा आरेत जमणाऱ्यांत विचारून बघा. सायकलवाल्याला त्याच्या सायकलीबद्दल विचारलं की तो सहसा नाही म्हणत नाही, उलट थांबवणं अवघड जातं.

## १०. घरी आणल्यावर

पहिल्या दोन फेऱ्यांनंतर सगळ्या पिव्हटचे बोल्ट टॉर्क रेंचने, कंपनीने दिलेल्या आकड्यावर पुन्हा आवळा. नव्या फ्रेममध्ये ते बसतात आणि ढिले होतात. अंदाजाने आवळू नका, अ‍ॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की गेले. सॅग पुन्हा मोजा, कारण सील मोकळे झाल्यावर तो बदलतो. मोजलेले दाब, रिबाउंडचे क्लिक आणि टायरचे पीएसआय वहीत लिहा. ७० ते ८० किलोच्या माणसाने ट्यूबलेसला पुढे २२–२३ आणि मागे २५–२६ पासून सुरुवात करावी. धुताना प्रेशरचा पाइप सांध्यांवर आणि हबवर मारू नका, बादली आणि ब्रश पुरे. पावसाळ्यात चालवलीत तर ऑक्टोबर उजाडला की मागची लिंकेज उघडून बेअरिंग ग्रीस करून घ्या, आणि त्या कामाची वेळ दुकानात सप्टेंबरमध्येच मागून ठेवा, कारण ऑक्टोबरात सगळेच रांगेत असतात.